पाच नंबरची माती

१

पाच नंबरच्या बरणीत चार नंबरची माती होती.

मातीच्या बाईंनी बरणीचं झाकण काढलं, चिमूटभर माती तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकून अंगठ्याने चोळली, नाकाशी नेली आणि बरणी टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्या कोणाला हे कळायला प्रयोगशाळा लागली असती. बाईंना एकतीस वर्षांची नोकरी लागली होती. तीच पिवळट चिकणमाती, तेच मोहरीएवढे चुन्याचे खडे. चार आणि पाच नंबरच्या बोअरमध्ये साठ मीटरचं अंतर होतं. साठ मीटरवर जमीन इतकी सारखी निघत नाही. सख्ख्या भावांची नाकंसुद्धा इतकी सारखी नसतात.

"म्हणजे बोअरवाल्याने पाचवं भोक पाडलंच नाही," चौकशी अधिकारी म्हणाला. तो एके काळी बाईंच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे खुर्ची त्याची असली तरी बसायच्या आधी तो बाईंकडे बघायचा. "चारची माती दोन बरण्यांत भरली आणि घरी जाऊन झोपला."

प्रकरण साधं नव्हतं. दवाखान्याच्या नव्या इमारतीचा ईशान्येचा कोपरा दीड वर्षात नऊ सेंटीमीटर खचला होता. खालच्या मजल्यावरच्या भिंतीला हात जाईल एवढी फट पडली आणि बारा बाळंतिणींना त्यांच्या बाळांसकट दुसरीकडे हलवावं लागलं. कोणाला खरचटलंही नाही, हे नशीब.

बांधकामाआधी जमीन तपासली होती बाईंच्या खात्यानेच. तपासणी तशी सोपी असते. त्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि खालची नळी एक फूट आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. घट्ट जमिनीला अठरा-वीस ठोके लागतात. परवा त्या खचलेल्या कोपऱ्याशी नव्याने बोअर घेतलं, तेव्हा नळी दोन ठोक्यांत आत गेली. खाली कुजकट वासाचा काळा गाळ होता. कधीकाळी तिथे तळं असावं आणि कोणीतरी ते बुजवलं असावं. तीन वर्षांपूर्वीच्या शीटवर मात्र त्याच जागी ठोके लिहिले होते अठरा, एकोणीस, एकवीस. त्या अहवालाखाली सही होती बाईंची.

"तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, बाई. खालून जे आलं त्यावर तुम्ही सही केलीत. उद्या अकराला सुनावणी आहे. बोअरवाल्याचा परवाना रद्द होईल, खोट्या नोंदीची पोलीस तक्रार होईल आणि विषय संपेल." बोलता बोलता त्याने बोअरवाल्याच्या जबानीतल्या एका ओळीभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं. बाईंनी बघितलं, तसा तो ओशाळून हसला. "तुमचीच सवय. जे जुळत नाही त्याला वर्तुळ."

एरवी बाईंना त्याचं कौतुक वाटलं असतं. आज त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांच्या सहीच्या इमारतीला तडा गेला नव्हता, आणि आता निवृत्तीनंतर दवाखान्यातल्या आयासुद्धा ती फट एकमेकींना दाखवत होत्या. लाज वाटत होती आणि त्या लाजेचा त्यांना रागही येत होता. कोणीतरी त्यांच्या सहीचा गळा कापला होता. तो कोण, ते त्यांना हवं होतं.

"मला आजचा दिवस दे," त्या म्हणाल्या आणि फाइल ओढून घेतली.

पाच बोअरच्या पाच शीट. छापील आकडे होते एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस. पंचेचाळीस नंबरचा कागद गायब होता. पहिल्या चार शीटवर चिखलाने माखलेली बोटं उमटली होती. पाचव्या बोअरची शीट मात्र परटाकडून आल्यासारखी स्वच्छ होती.

उघड्यावर, मशीनशेजारी उभं राहून कोणी इतकी स्वच्छ शीट लिहू शकत नाही. ती छताखाली लिहिली गेली होती.

२

बोअरवाल्याला सगळे खोदूमामा म्हणत. बाईंनी नोकरीतलं पहिलं बोअर घेतलं ते मामांच्या मशीनवर. तेव्हा मामांचे केस काळे होते आणि बाईंना चिखलात कसं चालायचं ते ठाऊक नव्हतं.

मामा घराच्या पुढच्या पडवीत कप्पीला तेल देत बसले होते. बाईंना पाहून उठले, खुर्ची पुसली आणि स्वतः उभेच राहिले. त्यांच्या बायकोने पाणी आणून ठेवलं, पण बाईंकडे नजर काही वर केली नाही.

"मामा, पाच नंबरचं बोअर घेतलं होतंत का?"

"शीटवर लिहिलंय की, बाई."

"शीटवरचं अक्षर तुमचं नाही."

"सही माझी आहे."

"पंचेचाळीस नंबरचा कागद कुठाय?"

मामांचा हात कप्पीवर थांबला. पडवीच्या कोपऱ्यात हत्यारांची पत्र्याची पेटी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते न बघणं जरा जास्तच झालं.

"माझं नाव जायचं ते जाऊ दे," ते म्हणाले. "पासष्टी आली. आता कोणाच्या लग्नात मिरवायचंय?"

"पोलीस दारात येतील, कळतंय ना?"

"येऊ देत."

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. "नातवाला शाळेत पोरं चिडवायला लागलीत. म्हणतात, तुझ्या आज्याने दवाखाना पाडला. हे तरीही तोंड उघडत नाहीत. तुम्हीच विचारा, कोणासाठी."

"तू गप बस," मामा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

बाई निघाल्या. मामा कोणाला तरी पाठीशी घालत होते. एवढा निमूटपणे मार खाणारा माणूस स्वतःसाठी खात नसतो, हे कळायला काही माती चोळून बघावी लागत नाही.

३

ठेकेदाराच्या इंजिनियरला सगळे घाईसाहेब म्हणत. हा माणूस बसल्या जागीही निघाल्यासारखा दिसे. बाईंचा पहिला संशय त्याच्यावरच होता. जमीन वाईट निघाली असती तर खोल पाया घ्यावा लागला असता आणि याचं काम चार महिने लांबलं असतं.

तो रिकाम्या वॉर्डात भेटला. फरशीवर एक औषधांची ट्रॉली होती. बाईंचा धक्का लागला तशी ती आपली आपण ईशान्येकडे निघाली आणि भिंतीवर जाऊन आदळली. बाईंनी मान खाली घातली. कोणी पाहुण्यांसमोर आपल्या घरातलं भांडण काढावं तसं त्यांना झालं.

"मला उशीर नको होता, हे खरं," घाईसाहेब म्हणाला. "पण बाई, मी उलट तुमच्या माणसावर ओरडलो होतो. बाकीची चारही भोकं तीन दिवसांत आटपली, आणि त्या कोपऱ्यावर मशीन दोन दिवस ठाण मांडून. गुरुवारी आणि शुक्रवारी. माझे ट्रक रस्त्यात उभे. विचारलं तर म्हणाला, पुन्हा घ्यायला सांगितलंय."

"कोणी?"

"ते त्याने सांगितलं नाही. आणि मी ऐकायला थांबलो नाही."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

बाई तिथून तडक खात्याच्या गोदामात गेल्या आणि लोखंडी पाइपांचं रजिस्टर काढलं. मऊ गाळात भोकाच्या बाजू ढासळतात, म्हणून त्यात आधाराचे पाइप उतरवावे लागतात. घट्ट चिकणमातीत त्यांची गरज नसते. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मामांनी एकही पाइप नेला नव्हता. गुरुवारी सहा नेले. शुक्रवारी आणखी सहा.

बाई गोदामातल्या पिंपावरच बसल्या. खोटे आकडे लिहिणारा माणूस बारा पाइप खांद्यावरून वाहत नाही. मामांनी गुरुवारी खरं बोअर घेतलं होतं आणि त्यांना गाळ लागला होता. कोणीतरी त्यांना परत पाठवलं. शुक्रवारी त्यांनी शेजारीच दुसरं घेतलं, तिथेही गाळच लागला. आणि त्यानंतर कोणीतरी छताखाली बसून अठरा, एकोणीस, एकवीस लिहिलं.

अक्षर कोणाचं, ते आता बाईंना आठवलं. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरची चिठ्ठी न् चिठ्ठी त्याच अक्षरात होती. पण प्रयोगशाळेतला माणूस बोअरवाल्याला परत पाठवू शकत नाही. तेवढा अधिकार त्याला नव्हता.

४

जेवायच्या वेळेला बाई घरी आल्या. त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच राहत. बहीण त्याच दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. जगातल्या कुठल्याही डॉक्टरला दटावील, पण ताईपुढे हळू बोलायची.

बाईंनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. वाळूचे कण बघायचं त्यांचं जुनं भिंग. स्वच्छ शीटवर धरलं आणि त्या थांबल्या.

"हे माझं भिंग नाही."

"तुझंच आहे की," बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझं एवढं मोठं दाखवत नाही. आणि मुठीवरचे हे ओरखडे जुने नाहीत, कोणीतरी पाडलेत. इकडे ये."

बहीण हात पुसत आली. तिने एकदा भिंगाकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि साठीची ती सहा वर्षांच्या मुलीसारखी खाली बघायला लागली.

"दोन आठवड्यांपूर्वी माझ्या हातून पडलं. फुटलं. चार दुकानं फिरून तसंच शोधून आणलं. नवं दिसू नये म्हणून मुठीवर किल्लीने ओरखडे काढले."

"अगं, पण सांगायचं ना."

"तुला?" बहीण हसली. त्या हसण्यात चेष्टा कमी होती. "ताई, तुला वाईट बातमी सांगायची म्हणजे आधी दोन दिवस पाठ करावं लागतं. तू काही मारत नाहीस. नुसतं बघतेस आणि म्हणतेस, 'असं कसं होईल?' मग माणसाला वाटतं, खरंच, असं कसं होईल, आपलंच चुकलं असणार. त्यापेक्षा चार दुकानं फिरणं सोपं."

ताट वाढून झालं तरी बाई उठल्या नाहीत. मग हळूच ती स्वच्छ शीट घेऊन खिडकीशी गेल्या. भिंग ठेवून दिलं, कागद आडवा करून उजेडात तिरपा धरला.

शीट पन्नास कागदांच्या वहीत येतात. मामा संध्याकाळी वहीच कचेरीत आणून ठेवत. वरच्या कागदावर कोणी दाबून लिहिलं तर खालच्या कोऱ्या कागदावर वळ उठतो.

वळ होता. लिहिलेल्या अठरावर आडवं पडलेलं एक वर्तुळ, खाली उजवीकडे शेपूट काढलेलं. शेजारी दोन शब्द, रंग नसलेले, पण स्पष्ट: "असं कसं? पुन्हा."

पेन्सिल इतकी दाबून धरणारं माणूस त्या खात्यात एकच होतं, आणि ते आत्ता खिडकीशी उभं होतं.

"ताई, जेवतेस ना?" बहिणीने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांना बहिणीकडे वळून बघवेना.

५

प्रयोगशाळेतल्या माणसाला चाळणी म्हणत, कारण दिवसभर तो मातीच चाळायचा. बाई दारात दिसल्या तसं त्याने यंत्र बंद केलं. बाईंनी शीट त्याच्यासमोर ठेवली.

"अक्षर तुझं," त्या म्हणाल्या. "वळ माझा. मधलं सांग."

चाळणीचे डोळे भरून आले. तीन वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत असावा.

"गुरुवारी मामांनी वही आणली. दोन, तीन, दोन असे ठोके. तुम्ही उभ्या उभ्या वर्तुळ काढलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, बाकी चार बोअरांत अठरा-वीस आणि इथेच दोन कसे? मामा, मोजता येत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघते. शुक्रवारी मामांनी स्वतः दुसरं भोक पाडलं. पुन्हा दोन. संध्याकाळी तुमच्या दारापर्यंत आले, पंधरा मिनिटं उभे राहिले. तुम्ही फोनवर कोणाला तरी झापत होतात. ते परत फिरले."

"आणि तू?"

"मी त्यांना म्हटलं, तुम्ही जाऊ नका. मी लिहितो बाकीच्या चारांसारखं. बाईंना जे हवंय ते." तो थांबला. "मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे दोन चुकीचेच असणार. तुमची चूक कधी निघाली नव्हती ना, बाई."

चूक कधी निघाली नव्हती. बाईंना सकाळची स्वतःचीच फुशारकी आठवली: साठ मीटरवर जमीन इतकी सारखी निघत नाही. त्यांनीच तिला सारखी व्हायला सांगितलं होतं, आणि ती झाली होती.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्यांना तो गुरुवार आठवतच नव्हता. मामांचा चेहरा नाही, ते वाक्य नाही, काहीच नाही. दुसऱ्याच्या मानेवर तीन वर्षं बसलेला दिवस त्यांच्या लेखी पाच मिनिटांचाही नव्हता.

चाळणीला घेऊन त्या पुन्हा मामांच्या पडवीत गेल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मामा, पंचेचाळीस नंबर द्या."

मामांनी चाळणीकडे पाहिलं, मग सावकाश पत्र्याची पेटी उघडली. कागद वरच होता. घडी पडलेला, बोटांच्या चिखलाने भरलेला. दोन, तीन, दोन. लाल वर्तुळ. आणि तळाशी मामांच्या फिक्या पेन्सिलीत: 'शुक्रवार. पुन्हा घेतलं. तेच.' मामांनी पेटीचं झाकण चटकन लावलं.

"हा कागद दाखवला असता तर तुम्ही सुटला असतात," बाई म्हणाल्या. "इतके दिवस का नाही दाखवलात?"

"त्याच्यावर तुमचं वर्तुळ होतं, बाई," मामा म्हणाले. "तुम्हाला कोणाच्या तोंडी देणार?"

मामांच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला.

६

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि त्याच्या एका टोकाला मामांची एकटी खुर्ची. बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली. लाकूड फरशीवर करकरलं आणि सगळ्यांनी बघितलं.

त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि सगळं क्रमाने सांगितलं: पाइप, दोन दिवस, स्वच्छ शीट, वळ. आवाज दोनदा फाटला. चाळणी न बोलावता उठला आणि म्हणाला, बरण्या मी भरल्या. अधिकाऱ्याची लाल पेन्सिल कागदावर टेकली होती, पण हलत नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "हे वर्तुळ म्हणजे काही खोटं लिहायचा हुकूम नाही. पुन्हा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. नियमाने ते बरोबरच आहे. मी तसं नोंदवू शकतो. तुम्ही विसरला होतात, एवढंच."

ती पळवाट होती, आणि प्रेमाने दिलेली होती. घेतली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

"विसरायला आधी ते लक्षात राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "यांनी पुन्हा तपासलं. उत्तर तेच आलं. आणि ते उत्तर घेऊन यायची यांची हिंमत झाली नाही, कारण दारामागे मी होते. यंत्र चांगलं होतं, माणूस चांगला होता, मोजणी बरोबर होती. जमिनीने खरं सांगितलं होतं. ते माझ्या टेबलापाशी येऊन मेलं. असं लिहा."

"असंच?"

"असंच. आणि ती पेन्सिल ठेवून दे रे बाबा."

पोलीस तक्रारीतून मामांचं नाव वगळलं गेलं. खोट्या शीटवर सही केल्याबद्दल तीन महिने परवाना थांबला. मामा म्हणाले, हे बरोबर आहे. चाळणीची खात्याकडून वेगळी चौकशी लागली. बाईंच्या सहीवर यापुढे कोणी विसंबू नये, असं अहवालात आलं. वाक्य अधिकाऱ्याने मान वर न करता लिहिलं. बाईंनी ते वाचून खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मामा बसले, त्यांच्या शेजारी बाई. इतक्या वर्षांत शेजारी बसायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"मामा," बाई म्हणाल्या, "काल पेटी उघडलीत, तेव्हा पंचेचाळीस नंबरच्या खाली आणखी लाल वर्तुळाचे कागद होते."

हाताच्या रेषांत मुरलेला चिखल मामा नखाने कोरत होते.

बाईंच्या ओठांवर शब्द आले होते, असं कसं होईल. ते त्यांनी गिळले.

"किती आहेत?"

"सात," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांकडे बघत, "त्यातली एक शाळा आहे, बाई."

आत सुनावणीच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. अधिकारी अजून तिथेच होता. बाई उठल्या. त्यांनी मामांच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो सोडला नाही.

"चला आत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. शाळेपासून सुरुवात करा. मी मध्ये बोलणार नाही."